एक बदल शिल्लक

“मी एकदाच दाबलं,” मास्तर म्हणाले. “सोमवारी. त्यानंतर मी त्या यंत्राच्या वाटेलाही गेलेलो नाही.”

“मी मंगळवारी दाबलं. तेही एकदाच,” आत्याबाई म्हणाल्या. “बघ, मी सरळ कबूल करतेय, बाळ. पण मंगळवारनंतर ते कुणी बदललं?”

“तेच तर मी तुला विचारतोय, ताई.”

“तू मला विचारू नकोस. मी मोठी आहे, मी तुला विचारतेय.”

मास्तरीणबाईंनी चहाचे दोन कप भावाबहिणींच्या मधोमध ठेवले आणि त्या खिडकीपाशी जाऊन बसल्या. भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. पाच वाजायला अजून पुष्कळ अवकाश होता.

झालं होतं ते असं. घरातल्या एकुलत्या एका मुलीला कायद्याच्या पदवीसाठी तीन विद्यापीठांनी जागा देऊ केली होती. एक लांबचं, जुनं आणि नावाजलेलं, रेल्वेने पुरता एक दिवस आणि एक रात्र. दुसरं मधलं, बसने चार तासांवर, नवं कोरं. तिसरं गावातलं. तिन्ही पत्रं एकाच आठवड्यात आली. आता प्रवेशाच्या संकेतस्थळावर जाऊन तिन्हींपैकी एकावर पसंती पक्की करायची होती. मन बदललं तर पसंती बदलण्याची सोय होती, पण फक्त तीनदा.

आज दुपारी मुलीच्या फोनवर निरोप आला. ‘आपण आपली पसंती दोन वेळा बदलली आहे. एक बदल शिल्लक. सध्याची पसंती: स्थानिक विद्यापीठ. मुदत: आज सायंकाळी पाच.’

मुलीने स्वतः एकदाही काही पक्कं केलेलं नव्हतं. तिने तो निरोप मोठ्याने वाचून दाखवला, आईवडिलांकडे आणि आत्याकडे एकेकदा पाहिलं, “मला दुकानात काम आहे,” एवढंच म्हणाली आणि दुकानाचा पडदा सारून पुढे निघून गेली. तेव्हापासून मागच्या खोलीत जुंपली होती.

परवलीचा शब्द सगळ्यांना ठाऊक असण्याचं कारण साधं होतं. त्या घरात लक्षात ठेवण्यासारखं जे जे असेल ते कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला शिंप्याच्या खडूने लिहिलेलं असे. गॅसची तारीख, डॉक्टरांचा नंबर, आणि आता त्याखाली हा परवलीचा शब्द. कपाट उघडून कोट काढणाऱ्या गिऱ्हाइकालाही तो दिसला असता.

मास्तरांचं दुकान न्यायालयाच्या फाटकासमोर होतं. एकतीस वर्षं ते वकिलांचे काळे कोट आणि झगे शिवत आले होते, दुसरं काही नाही. एखाद्याने लग्नासाठी करड्या रंगाचं कापड आणलं, तर मास्तर त्याच्याकडे असे बघत की जणू त्याने न्यायाधीशाकडे दाढी करून मागितली आहे. कायद्याचं एक पानही त्यांनी वाचलेलं नव्हतं, पण वकील त्यांना कोटावरून कळत. दुरुस्तीला आलेला प्रत्येक कोट ते आधी टेबलावर पालथा घालायचे, मग उताणा करायचे आणि विचारायचे, “शिकलात कुठे?” या पाहणीतून त्यांचं एक शास्त्र तयार झालं होतं. लांबच्या विद्यापीठातल्या वकिलांच्या कोटाची कोपरं आधी विरतात, कारण ते टेबलावर ओणवे होऊन वाचतात. गावातल्यांची पाठीची शिवण विरते, कारण ते उपाहारगृहाच्या बाकावर रेलतात. आणि मधल्या विद्यापीठाच्या वकिलांचे खिसे दोन दोन वर्षांनीसुद्धा टाचलेलेच असतात, कारण त्यांत घालायला त्यांच्याकडे अजून काही आलेलं नसतं.

“माझ्या मुलीची कोपरं विरली पाहिजेत,” मास्तरांनी सोमवारी मनाशी ठरवलं होतं आणि लांबचं विद्यापीठ दाबून टाकलं होतं. मुलीला आश्चर्याचा धक्का द्यायचा म्हणून ते कुणाला बोलले नव्हते.

आत्याबाई मास्तरांच्या थोरल्या बहीण. सरकारी कार्यालयात आवक-जावक विभागात चौतीस वर्षं काढून निवृत्त झालेल्या. लग्न केलं नव्हतं, विचारलं तर म्हणत, “अर्ज आले होते, त्रुटी निघाल्या.” मधल्या विद्यापीठाच्या गावी त्यांच्या दोन खोल्या होत्या. भाचीचे फॉर्म नीट भरले जावेत म्हणून एक पिशवी घेऊन आठ दिवसांसाठी आल्या होत्या, त्याला आता तिसरा आठवडा लागला होता. तिकडे त्यांनी खिडकीपाशी एक पलंग घालून ठेवला होता, वाचायला दिवा घेतला होता. हे त्यांनी कुणाला सांगितलेलं नव्हतं. मंगळवारी संकेतस्थळ ‘सहज तपासायला’ उघडलं, तर तिथे लांबचं विद्यापीठ पक्कं झालेलं दिसलं. भावाने नेहमीसारखा घोळ घातला, असं समजून त्यांनी तो दुरुस्त केला.

आणि बुधवारी दुपारी, मास्तर दुकानात आणि आत्याबाई पलंगावर घोरत असताना, मास्तरीणबाईंनी कपाटाचं दार उघडलं होतं.

त्यांनी ते कसं केलं याचं त्यांना स्वतःलाच कौतुक वाटत होतं. मुलगी फोन चार्जिंगला लावून अंघोळीला गेली होती. पडद्यावरची अक्षरं मुंग्यांएवढी होती, पण वाचायची वेळच आली नाही. गावातल्या विद्यापीठाचं चिन्ह त्या रोज भाजीला जाताना त्याच्या फाटकावर बघत होत्या. तेच शोधून त्यावर बोट ठेवलं. दुकानापासून ते फाटक बारा मिनिटांवर होतं. भाजीची पिशवी हातात असली तर चौदा. त्यांनी तीनदा चालून पाहिलं होतं.

मुलीचं घरातलं नाव बॅरिस्टर. चार वर्षांची असताना तिने आईला विचारलं होतं, “मी दूध सांडलं हे तू बघितलंस, की कुणी सांगितलं?” तेव्हापासून ते नाव चिकटलं. आता बॅरिस्टर अठराची होती आणि ती गेल्यावर या खोलीत कोण उरणार, याचा हिशोब मास्तरीणबाईंनी पुष्कळदा मांडला होता. एक नवरा, जो जेवतानाही समोरच्याच्या खांद्याची रुंदी मनात मापतो. आणि अधूनमधून नणंद. त्यापुढे त्यांचं मन जात नसे.

आता फक्त एवढंच हवं होतं की पाच वाजेपर्यंत तो शिल्लक राहिलेला बदल कुणी वापरू नये. म्हणजे भांडण मिटता कामा नये. चोवीस वर्षांच्या संसारात त्यांनी या भावाबहिणींची भांडणं मिटवण्यातच अर्धं आयुष्य घालवलं होतं. पेटतं ठेवण्याचं काम पहिल्यांदाच अंगावर आलं होतं.

आणि भांडण मिटू पाहत होतं. मास्तर म्हणत होते, “बरं, ज्याने केलं त्याने केलं. गावातलं तर तुलाही नको, मलाही नको. शेवटचा बदल वापरू आणि मोकळे होऊ.”

“वापरू की,” आत्याबाई म्हणाल्या.

“वन्सं,” मास्तरीणबाई खिडकीतून हळूच म्हणाल्या, “तुमच्या ऑफिसात असं कधी झालं होतं का हो? नोंद एकाने केली आणि बदलली भलत्यानेच?”

आत्याबाईंनी कप खाली ठेवला. “कधी? एकदा? वहिनी, बसा तुम्ही नीट. सांगते.”

त्यात पंचवीस मिनिटं गेली. त्यातून निघालेला निष्कर्ष असा की मास्तरांनी केलं नाही आणि आत्याबाईंनी केलं नाही, म्हणजे चूक यंत्राची आहे, आणि यंत्राच्या चुकीबद्दल लेखी तक्रार करायला हवी. मास्तरीणबाईंवर कुणी संशय घेतला नाही. त्यांना साधा गजर लावता येत नाही, हे घरात सर्वमान्य होतं.

“पण तक्रारीचा निकाल लागेपर्यंत बदल वापरायचा नाही,” आत्याबाई म्हणाल्या. “वापरला की आपली बाजू लंगडी पडते. म्हणतील, तुम्हीच तर बदललंत.”

“बरोबर आहे,” मास्तर म्हणाले. एकतीस वर्षं वकिलांच्या खांद्यांशी बोलून त्यांना असल्या गोष्टी पटकन पटत. “आधी स्थगिती. मग पुढचं.”

मास्तरीणबाईंनी पुन्हा चहा टाकला.

साडेतीनला अर्जाचा मायना ठरला. पावणेचारला ‘विनंती’ लिहायचं की ‘मागणी’ यावर गाडी अडली. मध्येच मास्तर जरा थकले आणि म्हणाले, “ताई, सोड ना. तिला लांबच पाठवू. तुझ्याकडेही सुट्टीत येईल ती.” आत्याबाईंचा चेहरा क्षणभर मऊ झाला. आता मात्र मास्तरीणबाईंना ठेवणीतलं काढावं लागलं.

“जाऊ दे वन्सं,” त्या म्हणाल्या, “सासूबाईंच्या शिलाई मशीनच्या वेळीसुद्धा तुम्हीच मोठ्या मनाने सोडलं होतं.”

आत्याबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

“सोडलं होतं?” आत्याबाई म्हणाल्या. “मी सोडलं नव्हतं. ते माझ्या नावाने होतं!”

“आईने मला दिलं!” मास्तर उसळले. “सगळ्यांसमोर!”

“सगळे म्हणजे कोण? तू आणि आई!”

मास्तरीणबाईंनी समाधानाने रिकामे कप उचलले. मशीनच्या भांडणाला बावीस वर्षं झाली होती, पण त्यातली धग अजून जराही कमी झालेली नव्हती. यावर सहज पाच वाजतील, असा अंदाज करून त्या कप विसळायला निघाल्या. नळ दुकानाच्या कडेच्या बोळात होता, आणि तिकडे जायचं तर पडद्यामागून जावं लागे.

पडद्याशीच त्यांचे पाय थांबले.

दुकानात एक वकीलबाई आली होती. ठेंगणी, तुरतुरीत, गावातल्या विद्यापीठाचीच. तिच्या कोटाची पाठीची शिवण मास्तरांनी दोनदा घातली होती. नवा कोट उद्या मिळणार होता, पण हिने आजच हजेरी लावलेली दिसत होती.

“अगं, हे काय करतेस?” ती विचारत होती. “माझ्या कोटाची काजं उसवतेस?”

“पुन्हा घालतेय,” बॅरिस्टर म्हणाली. “उद्यापर्यंत होतील. तुम्ही एक दिवस आधी आलात.”

“काजं तर तुझ्या आई घालतात ना?”

हे सांगायला हवं की त्या रस्त्यावर कोट मास्तरांचा असे, पण काजं मास्तरीणबाईंची. लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना बटणसुद्धा धड लावता येत नव्हतं. सासूबाईंनी पहिलं वर्षभर त्यांच्याकडून चिंध्यांवर काजं घालून घेतली, एक बरं जमलं की दहा उसवायला लावून. तेव्हापासून हजारो काजं हातावेगळी झाली होती. बारीक, एकसारखा टाका, कड दोरीसारखी उठलेली. मास्तर कुणाची सहसा स्तुती करत नसत, पण तेही म्हणत, “हिच्या काजातून बटण गेलं की आवाज होत नाही.” मशीनवर काजं करून घेणाऱ्या शिंप्यांचं नाव मास्तरीणबाई एखाद्या आजाराचं नाव घ्यावं तसं घेत.

“आईच घालते,” बॅरिस्टर खालच्या आवाजात म्हणाली. “पण तिला आता दिसत नाही. काळ्या कापडावर काळा दोरा. टाके इकडेतिकडे जातात. ती दुपारी झोपली की मी उसवून परत घालते. तिला सांगू नका हं.”

“कधीपासून?”

“वर्ष होईल. सकाळी सुयाही ओवून ठेवते दहा-बारा. ओवायची वेळच येत नाही, म्हणून तिला वाटतं, अजून पहिल्या फटक्यात दोरा जाईल.”

“आणि विद्यापीठाचं काय झालं? लांबचं पत्र आलं होतं ना तुला?”

“इथलंच ठरतंय. बरंच आहे. मी गेले तर काजं कोण घालणार? चार लोक बोलले तर ती अंथरूण धरेल.”

पडदा एवढ्या जोरात सरकला की वरची एक कडी निसटून खाली पडली.

“किती?” मास्तरीणबाईंनी विचारलं. हातात दोन कप तसेच होते.

बॅरिस्टर उभी राहिली. “आई—”

“किती उसवलीस?”

“मोजली नाहीत.”

“सगळी?”

“सगळी नाही,” मुलगी घाईने म्हणाली. “बाह्यांची ठेवली. बाहीची कुणी उघडत नाही.”

हे ऐकल्यावर मास्तरीणबाईंनी कप टेबलावर ठेवले आणि त्या स्टुलावर बसल्या. बाह्यांची ठेवली! चोवीस वर्षांच्या कारागिरीतून एवढंच वाचलं होतं, तेही कुणी वापरत नाही म्हणून.

वकीलबाईने पिशवी उचलली. “मी उद्या येते.”

“बसा तुम्ही,” मास्तरीणबाई म्हणाल्या. “कुठे जाऊ नका. दे गं तो दोरा. न ओवलेली सुई दे.”

“आई, राहू दे ना.”

“दे म्हणते ना!”

त्यांनी सुई उजेडाकडे धरली. दोऱ्याचं टोक ओलं केलं, चिमटीत पिळलं आणि नेम धरला. दोरा सुईच्या डावीकडून गेला. पुन्हा नेम धरला. उजवीकडून गेला. सुई त्यांनी लांब धरली, मग नाकाशी आणली, मग एक डोळा मिटला. वकीलबाई समोरच्या न्यायालयाच्या पायऱ्या मोजत असल्यासारखी बाहेर बघत राहिली. सातव्या खेपेला मास्तरीणबाईंनी सुई टाचण्यांच्या गादीत खोचली.

“दोरा खराब आला आहे,” त्या म्हणाल्या.

आतून मास्तरांचा आवाज आला, “मशीनचं पायडल मी बदललंय, मी!” आणि आत्याबाईंचा, “पायडलच ना? बाकीचं मशीन कुणाचं?”

मास्तरीणबाईंनी टेबलावरचा कोट ओढून घेतला. मुलीने नव्याने घातलेल्या दोन काजांवरून अंगठा फिरवला. बघण्याची गरज नव्हती. हे त्यांना बोटांनीच कळायचं. त्यांनी अंगठा पुन्हा एकदा फिरवला.

“दुसऱ्याची कड जरा सैल आहे,” त्या म्हणाल्या.

“हो,” बॅरिस्टर म्हणाली.

“पहिलं बरं आहे.” कोटावरचा हात न काढता त्या म्हणाल्या, “तुला कुठे जायचं होतं?”

“सांगितलं ना, इथलंच बरंय.”

“बरंय ते मी विचारलं नाही. जायचं कुठे होतं?”

मुलीने वकीलबाईकडे पाहिलं. वकीलबाईने मान हलवली, साक्षीदाराला धीर द्यावा तशी.

“लांबच्या,” बॅरिस्टर म्हणाली. “तिथली मुलं दर शनिवारी तुरुंगाच्या कचेरीत बसतात. ज्यांना वकील नाही त्यांचे अर्ज लिहून देतात. पहिल्या वर्षापासून. मला ते करायचंय.”

“हे तुझ्या बाबांना माहीत आहे?”

“त्यांनी विचारलं नाही. त्यांना तिथल्या कोटांची कोपरं आवडतात.”

“आणि मला का नाही सांगितलंस?”

“तूही विचारलं नाहीस. तू बारा मिनिटं मोजून आलीस.”

मास्तरीणबाईंनी कोट बाजूला सारला. घड्याळ दुकानातही होतं; चार वाजून बत्तीस मिनिटं. त्या घसा साफ करून म्हणाल्या, “ते गावातलं ना, बुधवारी मी—”

“माहीत आहे.”

“काय माहीत आहे? कुणी सांगितलं?”

“आज तू भांडणात चार वेळा चहा दिलास. एरवी भांडणाऱ्याला तू पाणी विचारत नाहीस.”

वकीलबाईने तोंडावर रुमाल धरला. मास्तरीणबाईंनी तिच्याकडे एक नजर टाकली तसा तो रुमाल पिशवीत गेला.

“मग बोलली का नाहीस, एवढी बॅरिस्टर आहेस तर?”

“तुला मी घरी हवी होते,” मुलगी म्हणाली. “मला वाटलं, असू दे.”

मास्तरीणबाईंना खरं तर तिला जवळ घ्यावंसं वाटलं. पण वर्षभराची उसवलेली काजं अजून मनात सलत होती. त्या जागच्या उठल्या नाहीत.

“असू दे काय?” त्या म्हणाल्या. “म्हातारी आंधळी झाली म्हणून पोरगी दुकानात बसली, असं उद्या या रस्त्यावर ऐकायचं मी? माझी काजं उसवायला कुणी घरी राहायला नको. फोन काढ.”

“आई, रागाने नको.”

“रागानेच. राग गेला तर मी पाठवणार नाही तुला. काढ लवकर.”

बॅरिस्टरने फोन काढला. परवलीचा शब्द तिला पाठ होता. तिला कपाट उघडावं लागलं नाही. पडद्यावर तीन चिन्हं आली. तिने फोन आईपुढे धरला.

“माझ्यापुढे काय धरतेस? मला ते मुंग्यांचं वारूळ दिसतं. तूच दाब,” मास्तरीणबाई म्हणाल्या. “या घरातल्या बाकी सगळ्यांनी दाबून झालंय.”

मुलीचं बोट क्षणभर थांबलं. मग तिने दाबलं. यंत्राने विचारलं, ‘हा आपला अखेरचा बदल आहे. खात्री आहे?’ तिने वकीलबाईकडे पाहिलं नाही, आईकडेही पाहिलं नाही. पुन्हा दाबलं.

“झालं,” ती म्हणाली.

“वाच मोठ्याने. मला ऐकू अजून येतं.”

तिने वाचलं. विद्यापीठाचं नाव, तिचं नाव, वेळ चार वाजून एकोणचाळीस मिनिटं. मास्तरीणबाईंनी मान डोलावली, पडलेली कडी उचलून टेबलावर ठेवली, वकीलबाईला “तुमचा कोट उद्याच मिळेल, आज आग्रह करू नका,” असं बजावलं आणि त्या आत गेल्या.

मागच्या खोलीत मशीनचं भांडण सुईपर्यंत येऊन पुन्हा अर्जाकडे वळलं होतं. आत्याबाई चष्मा कपाळावर ढकलून लिहीत होत्या आणि मास्तर त्यांच्या खांद्यावरून वाकून बघत होते. ‘मागणी’ खोडून ‘विनंती’ झालं होतं, आणि ‘विनंती’च्या आधी ‘नम्र’ हवं की नको, यावर दोघं थांबले होते.

“वहिनी, तुम्हीच सांगा,” आत्याबाई म्हणाल्या, “यंत्राला नम्र कशाला लिहायचं?”

“अर्ज फाडून टाका,” मास्तरीणबाई म्हणाल्या. “यंत्राची काही चूक नाही. गावातलं मी दाबलं होतं. आता तिने तिचं दाबलं आहे, आणि बदल संपले. पोरगी लांबच्या विद्यापीठात चालली.”